आजीची आजी कोण होती?

सहा डिसेंबरला शिवाजी पार्कच्या मैदानात पुस्तकांच्या रांगेत बसलो होतो. दुपारची वेळ, धूळ उडत होती, चैत्यभूमीची रांग पार सिद्धिविनायकाच्या अंगाला गेलेली. परभणीकडचा एक पोरगा आला. जयभीम घातला, पिशवीतून वहीची फाडलेली पानं काढली आणि म्हणाला, "सर, वाचा. छापण्यालायक असंल तर छापा."

कविता लांब होती. मथळाच असा, की आम्ही या देशातले ज्यू आहोत. आत हिटलर होता, गॅस चेंबर होतं, काटेरी तारा होत्या, माणसं कोंबलेले आगगाडीचे डबे होते. मधेच खैरलांजी होती. पोरगा प्रामाणिक होता, हे पहिल्या पानावरच कळलं. आग होती. पण आगीवर शिजवलेलं काही दिसेना.

मी विचारलं, "ज्यू बघितलाय का कधी?"

"नाय सर. पिच्चरमध्ये बघितला."

त्याच्या आधी पंधरा दिवस याच पार्काच्या कडेच्या एका सभागृहात मी मुद्दाम एक व्याख्यान ऐकायला गेलो होतो. इस्त्रीचे सदरे, पांढरे केस, पुढच्या दोन रांगांत निवृत्त साहेब लोक. वक्ता फर्डा. एवढासा देश, चहूबाजूंनी शत्रू, मेलेली भाषा जिवंत केली, वाळवंटात मळे फुलवले, शिका काही त्यांच्याकडून, असा सगळा सूर. शेवटी ठेवणीतलं वाक्य आलं, की ज्यूंचा कधीही छळ झाला नाही असा पृथ्वीवर एकच देश, तो हिंदूंचा. टाळ्या. मागच्या खुर्चीवर मी एकटा हात खिशात घालून बसलो होतो.

म्हणजे एका फर्लांगात मला दोन ज्यू भेटले. एक सभागृहातला, एक कवितेतला. दोन्ही कागदी. दोघांच्या अंगाला तेलाचा वास नाही, कोकणातल्या मातीचा वास नाही. या लेखात मला दोघांची झडती घ्यायची आहे. पहिल्याची लवकर उरकतो. दुसऱ्याची सावकाश घेतो, कारण तो आपल्या घरातला आहे.

शिवाजी पार्कात सावरकर सदन आहे. सावरकर १९३८ पासून १९६६ साली मरेपर्यंत तिथं राहिले. १९२३ च्या 'हिंदुत्व' या पुस्तकात त्यांनी हिंदू कोण हे ठरवायला पितृभू आणि पुण्यभू अशी दुहेरी फूटपट्टी काढली. या फूटपट्टीनं चौल-पेणचा ज्यू बाद होतो, कारण त्याची पुण्यभू जेरुसलेम. पण त्याच पुस्तकात ते म्हणतात, की पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंचं राज्य होईल तर आम्हालाही आनंदच होईल. पुढे १९३८ साली जर्मनीत ज्यूंना हाकललं जात होतं तेव्हा सावरकर सभांमधून सांगत होते, की राष्ट्र बहुसंख्यांचं असतं, जर्मनांची चळवळ राष्ट्रीय आणि ज्यूंची जातीय. गोळवलकरांनी तर १९३९ च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात जर्मनीनं ज्यूंचं केलेलं निर्मूलन हे वंशाभिमानाचं उदाहरण म्हणून मांडलं आणि हिंदुस्थाननं यातून धडा घ्यावा असं लिहिलं. मग २९ नोव्हेंबर १९४७ ला युनोत पॅलेस्टाईनच्या फाळणीवर मतदान झालं, भारतानं विरोधात मत दिलं, आणि डिसेंबरात सावरकरांनी पत्रक काढून ज्यू राज्याचं स्वागत केलं, भारताच्या मतावर टीका केली.

विसंगती वाटते? अजिबात नाही. जर्मनीतला ज्यू थोडका होता म्हणून नको. पॅलेस्टाईनमधला ज्यू बहुसंख्य व्हायला निघाला म्हणून हवा. हे प्रेम ज्यूवर नव्हतंच कधी. ते संख्येवर आहे आणि बंदुकीवर आहे. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासनं केलेल्या कत्तलीबद्दल त्या सभागृहातली हळहळ खरी असती, तर गाझातल्या पोरांच्या मरणाचा उल्लेख आला तेव्हा टाळी पडली नसती. ती पडली. मी ऐकली.

झाली पहिल्याची झडती. आता त्या ठेवणीतल्या वाक्याकडे येतो, कारण ते वाक्य नुसतं फेकून देऊन चालत नाही. ते खरं आहे. कोकणात ज्यूंची कत्तल झाली नाही, त्यांची वस्ती कुणी पेटवली नाही. पण का झाली नाही?

अलिबागजवळ नवगाव आहे. बेने इस्रायल लोकांची दंतकथा अशी, की तिथल्या खडकांवर त्यांच्या पूर्वजांचं गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बाया तेवढ्या वाचल्या, बाकीच्यांना तिथंच पुरलं. चौदा माणसं. आता गंमत बघा. चित्पावनांचीही दंतकथा आहे, सह्याद्रिखंडात. समुद्रातून वाहत आलेली चौदा प्रेतं, परशुरामानं चितेवर शुद्ध केली आणि त्यांना ब्राह्मण केलं. किनारा एकच, फुटलेलं गलबत एकच, आकडाही चौदाच. एकाच्या गळ्यात जानवं पडलं. दुसऱ्याच्या वाट्याला तेलाचा घाणा आला.

कारण बेने इस्रायल तेल गाळू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावानं त्यांना नाव दिलं शनिवार तेली. गावानं त्यांचा देव विचारला नाही. गावाला देवाशी कर्तव्य नसतं. गावानं त्यांचा धंदा विचारला, धंद्यावरून पायरी ठरवून दिली आणि त्या पायरीवर बसवलं. तेली म्हणजे शूद्र, सकाळी सकाळी ज्याचं तोंड दिसलं तर अपशकुन मानायचा तो. ते बसले. नावं मराठी झाली, आडनावं गावांवरून झाली: केहीमकर, दिवेकर, पेणकर, राजपूरकर, अष्टमकर, झिराड. हिब्रू विसरली. शनिवार राहिला, सुंता राहिली, शेमा ही प्रार्थना राहिली, पंखवाली-खवलेवाली मासळी तेवढी खायची हा नियम राहिला. पुढे कोचीनकडचा डेव्हिड राहबी नावाचा कुणी आला तेव्हा बायांनी टोपलीतली बिनखवल्याची मासळी बाजूला काढली यावरून त्यानं यांना ओळखलं, अशी कथा सांगतात. आईच्या हाताखालच्या टोपलीत धर्म शिल्लक राहिला होता, पुस्तकात नाही.

आणि गावानं दिलेल्या पायरीबरोबर गावाच्या चालीही आल्या. गोमांस बंद झालं, ज्यू धर्मात काहीही बंदी नसताना. विधवेचा पुनर्विवाह वाईट ठरला, तोही ज्यू धर्मात चालतो. वरच्या पायरीवाल्याचं बघून खालच्यानं वागायचं, हा आपल्या देशातला जुना रोग. आपणही मेलेल्या ढोराचं मांस सोडलं, पण महाडनंतर सोडलं, बाबासाहेबांनी सांगितलं म्हणून, माणूस व्हायला सोडलं. बामण व्हायला नव्हे. हा फरक कुणी पुसायला लागला तर पुसू देऊ नका.

तर छळ का झाला नाही? कारण जात मिळाली. ज्यानं आपली पायरी मान्य केली त्याला हा समाज मारत नाही. मारायची गरजच नसते. युरोपानं ज्यूला जात दिली नाही, त्याला गावाबाहेर काढून घेटोत कोंडलं आणि शेवटी भट्टीत घातलं. हिंदू गावानं ज्यूला जात दिली. आणि महाराला? गावानं महारालाही जात दिली आणि शिवाय गावाबाहेरही काढलं. दोन्ही कामं एकदम केली. सभागृहातल्या वक्त्यानं हे अर्धं वाक्य गिळलं.

आता दोस्तांनो, जरा सावकाश वाचा. इथून पुढे मला जे सांगायचं आहे ते सभागृहवाल्यांना नाही, आपल्याला सांगायचं आहे.

हे शनिवार तेली लोक आपापसांत कसे राहिले? त्यांच्यात दोन पोटजाती पडल्या. गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल. कातडीचा रंग कमी, वंशाचा जास्त. ज्यांचे आईबाप दोघंही बेने इस्रायल ते गोरे. ज्यांच्या घराण्यात कधीतरी बाप बेने इस्रायल आणि आई बाहेरची, ते काळे. गोरे काळ्यांशी सोयरीक करत नसत, पंगतीला बसवत नसत. प्रार्थनामंदिरात, ज्याला हे लोक मराठीत मशीद म्हणायचे, तिथं काळ्यांची जागा मागच्या बाकावर. देव एक, तोरा एक, मोझेसचा कायदा एक. तरी मागचं बाक वेगळं.

वाचताना मी थांबलो. म्हटलं, अरे, हे तर सगळं ओळखीचं आहे.

आणि जिना इथं संपत नाही. वर आणखी पायऱ्या आहेत. एकोणिसाव्या शतकात बगदादकडून व्यापारी ज्यू मुंबईत आले. ससून घराणं त्यातलंच. डेव्हिड ससून १८३० नंतर लवकरच इथं आला, अफू-कापसात पैसा केला. आज ससून डॉक, ससून लायब्ररी, पुण्याचं ससून हॉस्पिटल ही नावं आपल्या तोंडात बसली आहेत. पुढं याच घराण्याच्या गिरण्यांचे भोंगे परळ-लालबागच्या पोरांनी ऐकले. तर १८३६ साली डेव्हिड ससून आणि आणखी काही जणांनी सरकारकडे अर्ज केला. ज्यूंच्या कबरस्तानात मधे भिंत बांधून द्या. का? तर हे कोकणातले इस्रायल नेटिवांसारखे राहतात, त्यांच्या चालीरीती नेटिवांच्या, आमची प्रेतं यांच्या प्रेतांशेजारी नकोत.

प्रेतांमधे भिंत! मेल्यावरसुद्धा! आपल्याकडे गावोगाव स्मशानाचा वाद अजून पेटतो, कुणाचं प्रेत कुठल्या ओट्यावर जाळायचं यावरून डोकी फुटतात, तेव्हा हे नवल वाटायला नको. पण वाटतं. कारण भिंत मागणारे पिढ्यान्पिढ्या परक्या मुलखात अल्पसंख्य म्हणून जगलेले होते. जुलमाची चव घेतलेला माणूस दुसऱ्यावर जुलूम करणार नाही, ही आपली भाबडी समजूत आहे. आज मुंबईत ज्यूंची कबरस्तानं वेगवेगळी आहेत. चिंचपोकळीचं बगदाद्यांचं, वरळीचं बेने इस्रायलांचं. रंगूनमध्येही बगदाद्यांनी बेने इस्रायलांना मशिदीच्या कारभारात मत नाकारलं. तिथल्या बेने इस्रायलांनी कोर्टात धाव घेतली आणि १९३५ साली निकाल त्यांच्या बाजूनं लागला. कज्जा करून हक्क मिळवणं ही वाट आपल्यालाही माहीत आहे. चवदार तळ्याचा कज्जा १९३७ पर्यंत चालला होता.

बगदादी गोऱ्या बेने इस्रायलाला कमी लेखतो. गोरा काळ्याला कमी लेखतो. खाली कोण असेल ते असो, आपल्या खाली कुणीतरी पाहिजे. बाबासाहेबांनी याला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं. नुसती विषमता असती तर खालचे सगळे एक होऊन उठले असते. श्रेणीमुळे उठत नाहीत, कारण प्रत्येकाला लाथ मारायला एक जागा दिलेली असते. हे बाबासाहेबांनी हिंदूंबद्दल लिहिलं, पण हिंदू धर्माच्या बाहेर पाय टाकला म्हणून हा रोग आपोआप सुटत नाही, याचा पुरावा अलिबाग-पेणच्या मशिदींतल्या मागच्या बाकांवर बसलेला होता. गोरा-काळा हा भेद विसाव्या शतकात पुसट होत गेला. मात्र तो पुसण्याआधी त्याचा हिशेब भलत्याच गावी चुकता झाला.

१९४८ ला इस्रायल झालं. बेने इस्रायल तेव्हा साधारण वीस हजार असतील. हळूहळू बहुतेक निघून गेले. कुणी हाकललं म्हणून नाही, स्वतःहून गेले, शतकानुशतकं रोज प्रार्थनेत ज्या गावाचं नाव घेतलं त्या गावी. तिथं काय वाट्याला आलं? १९५१ साली बीरशेबाकडे वसवलेल्या भारतातल्या ज्यूंनी रंगाचा भेदभाव होतो म्हणून धरणं धरलं, आम्हाला परत पाठवा म्हणून. १९५२ साली शंभरावर माणसं मुंबईला परत आली. आणि मग खरा घाव बसला. मुख्य रब्बाय यित्झाक निस्सिम यांच्या कारकिर्दीत १९६२ साली रब्बायांच्या कचेरीतून हुकूम निघाला. बेने इस्रायल मुलगा किंवा मुलगी दुसऱ्या ज्यूशी लग्न करायला आली, तर आधी तिची चौकशी करा. आई कोण, आजी कोण, आजीची आई कोण, जिथपर्यंत मागं जाता येईल तिथपर्यंत. मधे कुणी बाहेरची बाई घुसली आहे का ते बघा.

आजीची आजी कोण होती?

हा प्रश्न नीट ऐका. कोकणात गोऱ्यांनी काळ्यांना हाच प्रश्न विचारून मागच्या बाकावर बसवलं होतं. जेरुसलेमात तोच प्रश्न गोऱ्यांना विचारला गेला. बगदाद, मोरोक्को, पोलंडहून आलेल्या ज्यूंच्या समोर आता सगळेच बेने इस्रायल काळे होते. जो फास आपण शेजाऱ्यासाठी वळून ठेवलेला होता तो आपल्याच गळ्यात.

आणि प्रत्येक वेळी चौकशी बाईची. आईच्या पोटाची. १९१६ साली कोलंबियात वाचलेल्या जातिसंस्थेवरच्या निबंधात बाबासाहेबांनी हेच दाखवलं होतं. जात म्हणजे बंदिस्त लग्न, आणि लग्न बंदिस्त ठेवायचं म्हणजे बाईवर पहारा ठेवायचा. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह सगळे त्या पहाऱ्याचे प्रकार. तेव्हा बाबासाहेब पंचवीस वर्षांचे होते. रब्बाय हे वाचायला गेला नसेल. पण कबर असो की बोहलं, पहारेकरी सगळीकडे सारखेच.

बेने इस्रायल गप्प बसले नाहीत. हे त्यांचं मोठेपण. १९६४ च्या उन्हाळ्यात ते जेरुसलेमात रस्त्यावर उतरले, धरणं धरलं, उपास केले. ऑगस्टमध्ये तिथल्या लोकसभेची, म्हणजे क्नेसेटची, खास बैठक झाली आणि ठराव झाला, की बेने इस्रायल हे सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत. मग रब्बायांनी हुकमातलं बेने इस्रायल हे नाव काढलं. ज्याच्याबद्दल शंका येईल त्याची चौकशी करावी, असं मोघम घातलं. नाव गेलं, चौकशी राहिली. सवर्णांनी कायद्यात अस्पृश्यता रद्द करून मनात ठेवली तसंच.

एक गोष्ट इथं आपल्या पोरांना माहीत पाहिजे. १९७१ साली जेरुसलेमच्या मुसरारा नावाच्या गरीब वस्तीतल्या मोरोक्कन ज्यू पोरांनी संघटना काढली. नाव ठेवलं ब्लॅक पँथर. अमेरिकेतल्या काळ्यांचं नाव उचललं, कारण युरोपी ज्यूंच्या राज्यात आपण काळेच आहोत हे त्यांना कळलं होतं. पंतप्रधान गोल्डा मेयर त्यांना भेटल्या आणि पुढे त्यांच्याबद्दल म्हणाल्या, ही पोरं काही चांगली नाहीत. दुसऱ्याच वर्षी, १९७२ ला, मुंबईत ढसाळ, ढाले, ज. वि. पवार यांनी दलित पँथर काढली. आपल्याकडच्या बायाबापड्या संपादकांनीही तेच म्हटलं होतं, पोरं काही चांगली नाहीत. पार्कातला वक्ता इस्रायलबद्दल दीड तास बोलला. या पँथरचं नाव त्याच्या तोंडून निघालं नाही. तो ज्या इस्रायलवर भाळला आहे त्यात मुसराराची पोरं नाहीत, बीरशेबाचे शनिवार तेली नाहीत, पॅलेस्टिनी तर नाहीतच नाहीत.

आता परत त्या कवितेकडे.

दलित माणसानं स्वतःला ज्यूच्या शेजारी उभं करणं यात चूक काहीच नाही. बाबासाहेबांनीच केलं. गांधी आणि अस्पृश्यांची मुक्ती या विषयावर त्यांनी जागतिक परिषदेसाठी लिहिलेला निबंध १९४३ साली छापून निघाला. त्यात त्यांनी नाझींचा ज्यूद्वेष आणि हिंदूंचा सनातनीपणा यांत विचारानं आणि परिणामानं काही फरक नाही असं बजावलं. लक्षात घ्या, १९४३. भट्ट्या तेव्हा पेटलेल्या होत्या आणि युद्ध चालू होतं. जगातली माणसं हिटलरविरुद्ध लढत होती, आणि बाबासाहेब त्यांना विचारत होते, की मग इथल्या हिटलरचं काय? ती उपमा नव्हती. तो खटला होता. फिर्यादी, आरोपी, साक्षीदार, सगळे हजर. त्याआधी १९४१ साली त्यांनी मोझेसवर छोटा इंग्रजी लेख लिहिला. त्यात रडगाणं नाही. त्यात गुलामांना बाहेर काढणारा पुढारी आहे आणि वाटेत कुरकुरणारे, मिसरमधली भाकरी बरी होती म्हणणारे स्वतःचेच लोक आहेत. बाबासाहेबांना मोझेस जवळचा वाटला तो का, हे मोर्चाच्या दुसऱ्या दिवशी रिकाम्या ऑफिसात बसलेल्या प्रत्येक कार्यकर्त्याला कळेल.

आपल्या कवितेत मात्र ज्यू दागिन्यासारखा येतो. आउशविट्झ, ॲन फ्रँक, पिवळा तारा. आमचं दुःख मोठं आहे हे सांगायला दुसऱ्याचं मोठं ठरलेलं दुःख उसनं आणायचं. मला याचा राग येतो. खैरलांजीला भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना २९ सप्टेंबर २००६ ला मारलं. ते सांगायला पोलंड कशाला लागतो? साहेब लोकांनी गॅस चेंबर मानलं आहे म्हणून त्याची मोहर मारली की आपलं दुःख चलनी होतं, असं वाटतं का आपल्याला? ही सुद्धा एक गुलामीच. आणि दुसरं असं, की उसना ज्यू नेहमी शुद्ध असतो. नुसता सोसणारा. त्याच्या अंगावर कुठलाच डाग नसतो, कारण तो लांबचा असतो. जवळच्या ज्यूला डाग असतात. तो छळलेला असतो आणि त्यानं मागचं बाकही ठेवलेलं असतं. म्हणूनच आपल्या कवितेत बर्लिनचा ज्यू येतो, पेणचा येत नाही. पेणचा ज्यू आला की तो आपल्याला विचारील, तुमच्या मागच्या बाकावर कोण बसतं रे?

बसतं. खोटं कशाला बोलायचं.

१९५६ ला आपण धर्म बदलला. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ आहेत. आणि वधू-वर मेळाव्याच्या फॉर्मवर 'बौद्ध' लिहून पुढं पोटजातीची मोकळी जागा का असते? बाप विचारतो, सोमवंशी का लाडवण का बावणे? हळू आवाजात विचारतो, पण विचारतो. आपल्या पोरीनं मातंगाच्या पोराशी लग्न ठरवलं तर वस्तीत बैठक बसते. ढोर, चांभार, मांग, भंगी, किती नावं आपण आपल्याच तोंडानं शिवीसारखी घेतो? १ ऑगस्ट २०२४ ला सुप्रीम कोर्टानं अनुसूचित जातींत उपवर्गीकरण करायला राज्यांना मुभा दिली. त्या निकालावर माझे आक्षेप आहेत, फोडाफोडीचं राजकारण मला दिसतं, आणि ते मी दुसरीकडे लिहीन. पण माझा एक मातंग मित्र आहे, चळवळीत माझ्यापेक्षा जुना, अण्णा भाऊंची पोस्टरं आणि बाबासाहेबांची पोस्टरं एकाच खळीनं चिकटवलेला. निकालाच्या संध्याकाळी तो मला म्हणाला, "तुम्ही आता एकीवर बोलणार. बोला. पण मागच्या चाळीस वर्षांत तुमच्या घरी मी किती वेळा जेवलो, आणि तुमच्या सोयऱ्यांत किती वेळा जेवलो, तेवढं मोजून सांगा." मी मोजलं. माझ्या घरी मोजता येईना इतक्या वेळा. सोयऱ्यांत एकदाही नाही.

मी त्याला काय उत्तर देणार होतो? आमच्याकडे आउशविट्झ झालं आहे, हे?

आणखी एक गोष्ट. बेने इस्रायल आणि आपली पूर्वज मंडळी मुंबई इलाख्याच्या एकाच फौजेत होती. सामाजी हसाजी दिवेकर कंपनीच्या फौजेतला माणूस. त्यानं १७९६ साली मांडवीला मुंबईतली पहिली मशीद बांधली, आणि मस्जिद स्टेशनाचं नाव तिच्यावरून पडलं म्हणतात. त्यांचेही सुभेदार, आपलेही सुभेदार. दोघांनाही शिपाईगिरीनं पगार दिला, पेन्शन दिली, पोरांना अक्षर दिलं. मग १८९० च्या सुमारास इंग्रजांनी जातवार पलटणी केल्या. ज्याची स्वतंत्र पलटण नाही त्याची भरती नाही. महारांची भरती बंद झाली, वलंगकरांनी १८९४ साली अर्ज तयार केला. बेने इस्रायलांनाही फौजेचं दार त्याच पद्धतीमुळे बंद झालं. एका जिल्ह्यातली, एका पलटणीतली, एकाच फटक्यानं बाहेर फेकलेली ही दोन माणसं शंभर वर्षं या शहरात शेजारी राहिली. निस्सिम इझिकेल इंग्रजीत कविता लिहायचा, त्यात तेल गाळणारे पूर्वज आले. १८८० नंतर त्यांचे कीर्तनकार मराठीत अब्राहाम आणि मोझेसची कीर्तनं करायचे, झांजा घेऊन, साकी-दिंडीत. मलिदा करून एलियाहू नबीला हाक मारायचे. आपल्या साहित्यात यातलं काही आलं? माझ्या वाचनात नाही. आपण ज्यूसाठी पॅरिसला गेलो, वॉर्साला गेलो, अलिबागला गेलो नाही.

२०१६ साली महाराष्ट्र सरकारनं ज्यूंना अल्पसंख्याकाचा दर्जा दिला. तोवर बहुतेक जण निघून गेलेले होते. दाखला आला, घ्यायला थोडीच माणसं उरली.

पोराला मी हे सगळं मैदानात सांगितलं नाही. गर्दी होती. त्याला एवढंच म्हटलं, कविता ठेवतो, तू हिटलर काढ आणि तुझ्या गावात तुझ्या मागच्या बाकावर कोण बसतं ते घाल. तो नाराज झाला. तोंडावर दिसलं. बाकी सगळी माहिती मी पुढच्या आठवड्यात पत्रानं पाठवली.

पत्र लिहिण्याआधी वरळीला जाऊन आलो. ई. मोझेस रोडवर. ज्या रस्त्याच्या अंगाला बीडीडी चाळी आहेत, जिथं १९७४ च्या जानेवारीत आपली माणसं लाठ्या आणि दगड खात होती, त्या रस्त्यावर मी शंभर वेळा तरी मोर्चातून गेलो असेन. मोझेस कोण, कधी विचारलं नाही. डॉक्टर एलिजा मोझेस राजपूरकर, बेने इस्रायल, १९३७-३८ चे मुंबईचे महापौर. त्याच रस्त्यावर त्यांच्या लोकांचं कबरस्तान आहे. दगडांवर हिब्रू, खाली मराठी, आपल्यासारखीच मराठी. आडनावं वाचत फिरलो. पेणकर, चौलकर, दिवेकर.

पोराचं उत्तर आलं. अर्धं पान. वर जयभीम, मग एवढंच: "सर, काळे इस्रायल कुठं पुरलेत? त्यांचं पण नाव दगडावर आहे का?"

मी ते बघितलं नव्हतं. मला सुचलंच नव्हतं. त्याला कळवलं आहे, तू मुंबईला ये, आपण दोघं जाऊन बघू. कविता मी अजून छापलेली नाही. तो ती पुन्हा लिहितो आहे.